सिम्युलेशनमध्ये रेघ सरळ, गाडीत डग्गा मधेच गायब

डग्गा_सातारा:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी साताऱ्यात राहतो आणि शिरवळला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. रोज खंबाटकी घाट ओलांडून जाऊन येऊन अडीच तास गाडीत जातात. बावीस वर्षं तबला शिकलो, अजून शिकतोच आहे. त्यामुळे या अडीच तासांत ऐकणं म्हणजे एकल तबला, नाहीतर ख्याल. गाडी २०१६ ची स्विफ्ट. मूळ स्पीकरवर दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, टणटणीत यायचा, पण डाव्या हाताचा डग्गा म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यावर बोटं मारल्यासारखा. म्हणून गेल्या दिवाळीत पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर बसवून घेतले, आठ चॅनेलचा डीएसपी (प्रत्येक स्पीकरच्या आवाजाला वेगळे फिल्टर आणि डिले लावणारं यंत्र) घेतला आणि बारा इंची सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा स्पीकर.

दुकानदार तयार बॉक्स देत होता. त्याच्या डेमो गाडीत बसलो, तर गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीला पाठ लावून उभं राहिल्यासारखं झालं. म्हटलं, बॉक्स आपण करू. दोन महिने वाचलं, विनआयएसडी हे बॉक्सचं गणित करणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. सबच्या कागदावरचे आकडे असे: एफएस (स्पीकरचा स्वतःचा अनुनाद) ३० हर्ट्झ, क्यूटीएस (तो अनुनाद किती आवरलेला) ०.४०, व्हीएएस (स्पीकरच्या स्प्रिंगइतकी मऊ हवा) ५५ लिटर. सॉफ्टवेअरमध्ये ५५ लिटरचा पोर्टवाला (हवेसाठी नळी ठेवलेला) बॉक्स ३० हर्ट्झला ट्यून केला की कोणत्या सुराला आवाज किती याची रेघ कशी, ३० पर्यंत टेबलासारखी सपाट. एका डेसिबलचाही चढउतार नाही म्हणा. पोर्ट चार इंची पीव्हीसी पाइपचा, लांबी ४० सेंमी. बॉक्स आतून ६२ बाय ३६ बाय २७, समोरून आत २७ च्याच खोलीत ४० चा पाइप सरळ मावेना म्हणून एल्बो लावून वळवला. पाइप आणि स्पीकरचा मागचा भाग जी जागा खातात ती वजा करूनच ५५ धरले आहेत, तिथे चूक नाही. १८ मिमी प्लाय, आतून सगळे सांधे सिलिकॉनने बंद. सुताराने विचारलं, ‘कोंबड्यांचं खुराडं का?’

ग्राफ छापून फ्रिजवर लावला होता. बायको म्हणाली, ‘कार्डिओग्राममध्ये रेघ सरळ आली की माणूस गेला म्हणतात.’ मी हसलो. आता हसू येत नाही.

गाडीत असं होतंय. एक, खालचा आवाज प्रचंड. मैफलीच्या थेट रेकॉर्डिंगमध्ये कुणी मंचावर मांडी बदलली तरी डिकीतून गडगडाट. घरच्या स्पीकरवर हा आवाज आहे हेच मला माहीत नव्हतं. दोन, आणि हे जास्त छळणारं: डग्ग्यावर मनगट दाबत नेलं की सूर खालून वर सरकतो ना, तो सरकताना मधेच नाहीसा होतो. खाली आहे, मग नाही, मग वर पुन्हा आहे. जणू वाजवणाऱ्याने हात उचलला. तीन, आवाज ऐकून गायक समोर काचेत ‘दिसायला’ हवा, तो कुठेच नाही. डोक्याभोवती पसरलेला आहे.

पुण्याच्या भाच्याकडून युमिक-१ माइक आणला, लॅपटॉपवर आरईडब्ल्यू हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर टाकलं, माइक डोक्याच्या जागी धरून २० ते २०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) मारला. सगळे स्पीकर एकदम चालू ठेवून. ३५ हर्ट्झच्या आसपास सुमारे १० डेसिबलचा डोंगर आणि ७५ ते १३० मध्ये खड्डा, सर्वांत खोल जागी १२ डेसिबल. डीएसपीत ९० हर्ट्झ ९ डेसिबलने वर उचललं. खड्डा तिथेच, अँप्लिफायर मात्र तापून हात लावू देईना.

आता विचारायचं ते हे. सिम्युलेशन खोटं, की कागदावरचे आकडे खोटे, की मी खोटा? गाडीसकट सिम्युलेशन करणारं काही असतं का? दुकानदार म्हणतो, मोठं मॅग्नेट घ्या.

---

कान_हाच_मीटर:

काका, कॉम्प्युटरला संगीत कळत असतं तर अजून काय हवं होतं! सगळं फ्लॅट करा, डोळे मिटा, कानाला बरं वाटेल तसे बटण फिरवा. पंचवीस वर्षं मी हेच करतोय. ग्राफ बघून कुणी गाणं ऐकतं का?

---

डग्गा_सातारा:

बटणं तीन महिने फिरवली हो. कानाने एवढंच सांगितलं की डग्गा गेला. कुठे गेला ते सांगेना.

---

केबिन_मोड:

डग्गाकाका, मी चिंचवडला गाड्यांच्या आवाज-कंपनाच्या कामात आहे, त्यामुळे हात शिवशिवले. सिम्युलेशन खरं आहे, आकडेही बहुधा खरे आहेत. तुम्ही सॉफ्टवेअरला जे विचारलं त्याचं त्याने बरोबर उत्तर दिलं. तुम्ही विचारलं होतं की हा बॉक्स मोकळ्या मैदानात कसा वाजेल. स्विफ्ट तुम्ही त्याला सांगितलीच नव्हती.

हे जे एफएस-क्यूटीएस-व्हीएएस आहेत त्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये पाया घातला आणि १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी इमारत पुरी केली. कल्पना साधी: बॉक्समधली हवा म्हणजे स्प्रिंग, कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) म्हणजे वजन, पोर्टमधल्या हवेचा गोळा म्हणजे दुसरं वजन. विनआयएसडी एवढाच हिशेब करतं आणि फार छान करतं. बॉक्सच्या बाहेर काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आधी डोंगर घेऊ. समोरच्या काचेपासून डिकीच्या दारापर्यंत टेप लावा, स्विफ्टला २.६ मीटरच्या आसपास येईल. आवाजाचा वेग ३४३ मीटर प्रतिसेकंद. ज्या लहरीची अर्धी लांबी २.६ मीटर ती साधारण ६६ हर्ट्झची. त्याच्या खाली लहर गाडीत मावतच नाही. मग लहर-बिहर काही राहत नाही, सबचा कोन पुढे आला की सगळ्या केबिनमधली हवा एकदम दाबली जाते, सायकलच्या पंपात दाबली जावी तशी. हिशेबाने इथून खाली दर सप्तकाला १२ डेसिबल फुकट मिळतात. म्हणजे ३३ हर्ट्झला १२. प्रत्यक्षात गाडी गळकी असते. दारांची रबरं, पत्र्याचं थरथरणं, मागच्या बंपरआड हवा जायला ठेवलेल्या झडपा (दार आपटताना कानाला दडे बसू नयेत म्हणून त्या असतात), यातून थोडं निसटतं. तुमचे १० डेसिबल अगदी पुस्तकातले आहेत. सपाट बॉक्स अधिक गाडीचे १० डेसिबल म्हणजे तुमचा डोंगर.

गाडीत सपाट बॉक्स नकोच असतो. घसरणारा हवा असतो, गाडी जेवढं चढवते तेवढं उतरणारा. बंद बॉक्स त्याच्या अनुनादाखाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. एक चढतो, एक उतरतो, बेरीज सपाट. तुमच्याच सबचं गणित केलं: ५५ लिटर बंद ठेवले तर क्यूटीसी (बंद बॉक्सात बसवल्यावरचा क्यूटीएस) ०.५७ आणि अनुनाद ४२ हर्ट्झ, ३५ ला साधारण ७ डेसिबल खाली. काही कापू नका, तोडू नका. पोर्टमध्ये जुना टॉवेल गच्च कोंबा आणि पुन्हा स्वीप मारा. आजच.

(मनाला लागेल, पण सांगतो. बंदच करायचा होता तर २६ लिटरमध्ये क्यूटीसी ०.७१ मिळून भागलं असतं. अर्धी जागा वाचली असती.)

आता खड्डा. याचं निदान मी इथून करणार नाही, कारण तुम्ही सगळं एकदम वाजवून मोजलंय. पंगतीत कुणाच्या पानात मीठ जास्त पडलं ते पातेलं ढवळून कळत नाही. खड्ड्याला तीन बाप असू शकतात.

पहिला, केबिनचा पहिला मोड, म्हणजे गाडीच्या लांबीत उभी राहणारी पहिली लहर. त्या ६६ हर्ट्झच्या आसपास गाडीच्या दोन्ही टोकांना दाब भरपूर आणि मधोमध जवळजवळ शून्य असतो. तुमचं डोकं साधारण मधल्या भागातच असतं. दुसरा, सब आणि दारांचे स्पीकर जिथे एकमेकांना खो देतात तिथे फेजचं, म्हणजे कोण आधी हलतो कोण नंतर याचं भांडण. सब तुमच्यापासून २.१ मीटर आणि उजवं दार ०.९५ मीटर धरलं, तर फरक १.१५ मीटर. ८० हर्ट्झला एवढ्या अंतराने पाव चक्राहून जास्त, ९७ अंश, मागे पडतो आवाज. त्यात फिल्टर आपापली फेज फिरवतात, दाराचा स्पीकर स्वतःची वेगळी. एक ढकलतोय आणि दुसरा ओढतोय अशी वेळ आली की आवाज मरतो. तिसरा, डावं-उजवं दार आपसातच भांडतंय.

म्हणून माइक हलवू न देता स्वीप घ्या: फक्त सब, फक्त उजवं, फक्त डावं, मग दोन्ही दारं, मग सगळं. काचा बंद, इंजिन बंद, तुम्ही सीटवर बसलेले. जिथे दोघांची बेरीज एकट्यापेक्षा कमी येते तिथे भांडण आहे. एकट्याच्याच आलेखात खड्डा असेल तर तो गाडीचा.

आणि कृपा करून ते ९ डेसिबल काढा. ९ डेसिबल म्हणजे आठपट वॉट. भांडण असेल तर इक्वलायझर दोघांनाही वर उचलतो आणि दोघंही तेवढ्याच जोराने एकमेकांना मारतात. तापलं ते फक्त अँप.

---

भाऊ_फिटिंग_सांगली:

साहेब, ते ग्राफ राहू द्या बाजूला जरा. मी बावीस वर्षं गाड्यांत स्टिरिओ बसवतोय. इंजिनिअरदादा सांगत्यात ते खरं हाय, पण त्याआधी खिशातला पेन्सिल सेल काढा.

दाराच्या स्पीकरची वायर अँपपासून सोडवा. सेलचा प्लस वायरीच्या प्लसला, मायनस मायनसला, नुसता टच करा, धरून बसू नका. कोन बाहेर आला पायजे. आत गेला तर वायर उलटी. सगळ्या स्पीकरना करा, सबला पण. मूळ सॉकेट कापून नवीन वायर जोडताना रंग चुकतो, आमच्याकडनं पण चुकलाय, लाजायचं काय त्यात. गायक समोर दिसत न्हाय म्हणताय तवाच मला वास आला.

दुसरं, डिकीतनं गडगड येती म्हणताय ती सगळी सबची नसती. नंबरप्लेट, पार्सल ट्रे, डिकीच्या दारातली लॉकची सळई, ह्या सगळ्या ३५-४० ला नाचत्यात. फोनवर ३० ते ६० चा टोन सावकाश फिरवा आणि मिसेसना बाहेर उभं करून कुठं वाजतंय ते विचारा. नंबरप्लेटीमागं फोमचा तुकडा, दहा रुपयांचं काम. तुमच्या सॉफ्टवेअरात नंबरप्लेट असती का?

---

केबिन_मोड:

भाऊ, नंबरप्लेट नसते! आमच्या लाखो रुपयांच्या सॉफ्टवेअरमध्येही नसते. पेन्सिल सेल मी पहिल्या ओळीत सांगायला हवा होता.

---

अनघा_जर्मनी:

काकांचा एक प्रश्न राहिला: गाडीसकट सिम्युलेशन असतं का. असतं, माझं पोट त्यावरच चालतं. मी मूळची मिरजेची, नऊ वर्षं इथे एका गाडी कंपनीसाठी केबिनचं ध्वनिगणित करते. (मिरजेची मुलगी तंबोरे सोडून स्पीकरच्या नादी लागली म्हणून आजोबा अजून नाराज आहेत.)

गाडी कागदावर असतानाच स्पीकरच्या जागा ठरतात, कारण नंतर दाराच्या साच्यात भोक हलवणं म्हणजे खर्चाचा डोंगर. त्यामुळे गाडीच्या कॅड मॉडेलमधली हवेची जागा घेऊन तिचे छोटे छोटे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यात दाब किती हे सोडवतात, फायनाइट एलिमेंट पद्धतीने. नियम असा की एका लहरीत पाच-सहा तुकडे तरी हवेत. २०० हर्ट्झची लहर १.७ मीटरची, म्हणजे २८ सेंमीचा तुकडा चालतो, तुमच्या लॅपटॉपवरही सुटेल. २००० हर्ट्झला तुकडा २.८ सेंमी. बाजू दहापट लहान म्हणजे तुकडे हजारपट. म्हणून वरच्या पट्टीत ती पद्धत सोडून आवाजाचे किरण धरतात, कॅरमच्या सोंगटीसारखे काचेवर, छतावर आपटत जाणारे. मग दोन्ही उत्तरं शिवायची. शिवणीची जागा हीच सगळ्यात डोकेदुखी.

शेवटी ते उत्तर हेडफोनमध्ये ऐकायला मिळतं, दोन कानांसाठी वेगवेगळं. अस्तित्वात नसलेल्या गाडीत बसून गाणं ऐकणं हा प्रकार पहिल्यांदा झाला तेव्हा मी खरंच मागे वळून पाहिलं होतं.

पण आतली गोष्ट सांगते. हवा सोडवणं सोपं आहे. सीटचा फोम किती आवाज पितो हे सांगणं अवघड. कापडी सीट आणि चामड्याची सीट यांना आम्ही वेगळं ट्यूनिंग देतो. उजव्या हाताच्या आणि डाव्या हाताच्या स्टिअरिंगलाही वेगळं. मॉडेलला टाकलेले फोमचे आकडे चुकले की बाकी सगळी अक्कल पाण्यात. म्हणून पहिली खरी गाडी हातात आली की मोजायचं, मॉडेल दुरुस्त करायचं, पुन्हा मोजायचं.

तुमच्यासारख्या एका गाडीला हे सगळं नको. तुमच्याकडे खरी गाडी अंगणात उभी आहे, तिचं मॉडेल कशाला? गाडीलाच विचारा. पोर्ट बंद करून बॉक्स अंगणात ठेवा, माइक कोनच्या अगदी जवळ, सेंटीमीटरभर अंतरावर, स्वीप. मग तोच बॉक्स डिकीत, माइक डोक्याच्या जागी, स्वीप. दुसऱ्यातून पहिला वजा करा, आरईडब्ल्यूत दोन आलेखांचा भागाकार करायची सोय आहे (डेसिबलमधली वजाबाकी म्हणजे भागाकारच). उरतं ते तुमच्या स्विफ्टचं स्वतःचं वळण, कोणत्या सुराला ती किती चढवते-उतरवते ते. आवाजाची पातळी वेगळी येईल, तिकडे लक्ष देऊ नका, आकार बघा. आता विनआयएसडीत कोणताही बॉक्स काढा, त्याच्या डेसिबलमध्ये हे वळण मिळवा. प्लाय कापण्यापूर्वी कळेल.

एक इशारा. थील-स्मॉलचे आकडे हलक्या आवाजाचे असतात. स्पीकरची कॉइल तापली की तिच्या तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. १०० अंशांनी तापली तर ३९ टक्के. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ते ९ डेसिबल चढवले असते तर तुमची सरळ रेघ वाकडी झालीच असती.

---

डग्गा_सातारा:

मंडळी, रविवार कारणी लागला. सकाळी सातला सुरू केलं, जेवण चुकलं.

आधी भाऊंचा सेल. उजवं दार: कोन बाहेर. सब: बाहेर. डावं दार: आत!! तीनदा बघितलं. दाराचं पॅनल काढलं तर आत जोड दिला होता तिथेच वायरी अदलाबदल. दिवाळीपासून मी हे ऐकतोय आणि सिम्युलेशनला शिव्या घालतोय. कारखान्यात थ्री फेज मोटार उलटी फिरली की पहिल्यांदा दोन वायरी बदलून बघणारा माणूस मी. घरच्या गाडीत सुचलं नाही.

पण बदलण्याआधी केबिनमोड साहेबांचे पाच स्वीप घेतले, कारण मला गुन्हेगाराचा फोटो हवा होता. फक्त उजवं: ठीक. फक्त डावं: ठीक. दोन्ही मिळून: ८० ते १३० मध्ये खड्डा. एकेकटे गुणी आणि एकत्र आले की शांतता. मग वायरी सुलट केल्या, तोच स्वीप, खड्डा भरला. त्याच्या जागी आता ७० च्या खाली चिमूटभर खोलगट आहे, चारेक डेसिबल. फक्त सब वाजवला तरी ती तिथेच येते, म्हणजे गाडीची असणार. तिला हात लावलेला नाही.

मग टॉवेल. आमच्या घरात जुने टॉवेल पायपुसणी होतात, त्यामुळे सतरंजीचा तुकडा गुंडाळून पाइपात ठोकला. ३५ चा डोंगर १० वरून ३ वर आला. कालपर्यंत मंचावर मांडी बदलणारा माणूस आता गप्प बसलाय. आवाज कमी झाल्यासारखा पहिली दहा मिनिटं वाटलं, हे कबूल करतो. मग एक संथ लयीतला पेशकार (एकल तबल्याच्या सुरुवातीला वाजवतात तो) लावला. डाव्या हाताने सूर दाबत खालून वर नेला आणि तो शेवटपर्यंत सलग आला. मी गाडीतच मांडीवर ठेका धरला. शेजारचे काका गेटवरून बघत होते, उभ्या गाडीत हा एकटा काय करतोय.

फिल्टर आता सब आणि दारं दोन्हीकडे ८० हर्ट्झ, लिंकविट्झ-रायली प्रकारचे, दर सप्तकाला २४ डेसिबलने कापणारे ठेवलेत. टेपने मोजलं: उजवं ०.९५, डावं १.४०, सब २.१० मीटर. डिले, म्हणजे कुणाचा आवाज किती थांबवायचा ते, कसा भरायचा? सगळ्यात लांबचा शून्य ना?

---

केबिन_मोड:

हो, लांबचा शून्य, बाकीचे त्याच्यासाठी थांबतात. सब ०, डावं दार २.०४ मिलिसेकंद, उजवं ३.३५. हे टेपचे आकडे सुरुवातीला ठीक. डाव्या-उजव्याला ते जवळपास बरोबरच पडतात, सबला कमीजास्त करावं लागेल कारण टेपला फिल्टर आणि बॉक्स दिसत नाहीत. ८० च्या आसपास दारं आणि सब यांची बेरीज सर्वांत जास्त कधी येते ते बघत अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदाने सरकवा.

उजव्या दाराचा डिले मात्र टाळू नका. ४५ सेंमीचा फरक म्हणजे ३८० हर्ट्झला बरोबर अर्धी लहर. वायरी सुलट केल्यावर आता भांडण तिथे सरकलंय, भर गाण्याच्या पट्ट्यात. गायक अजून हवेत तरंगत असेल तर त्याचं कारण हे.

---

डग्गा_सातारा:

भरले. गायक स्टिअरिंगच्या जरा डावीकडे, वायपरच्या उंचीवर येऊन बसला. तंबोरा त्याच्या मागे. बायकोला बसवलं, ती म्हणाली, ‘छान आहे, पण डिकीत सिलिंडर मावत नाही अजून.’

तेव्हा पुढचं ठरलं, २६ लिटरचा बंद बॉक्स. अनघाताई, तुमचं अंगणातलं काम पुढच्या रविवारी. तुमचं ते वळण हातात आलं की २०, २६, ३२ लिटर तिन्ही कागदावर काढून बघणार, सुताराकडे एकदाच जाणार. तो आधीच मला खुराडेवाले म्हणतो.

---

अनघा_जर्मनी:

काका, अंगणात करताना बॉक्स भिंतीपासून लांब ठेवा आणि कुकरच्या शिट्ट्या संपल्यावर करा. गाडीतलं एक माप दोघं बसून घ्या आणि एक तुम्ही एकटे असताना. पुढच्या सीटवर माणूस आला की वळण थोडं बदलतं, ते बघायला मजा येते. आकडे इथे नक्की टाका.

---

कान_हाच_मीटर:

माझ्या गाडीत काल सेल लावून बघितला. काही विचारू नका.

---

भाऊ_फिटिंग_सांगली:

😄 कुठलं दार?

साहेब, नवीन बॉक्स झाला की ते ५५ लिटरचं खुराडं मोडू नका. माझ्याकडं एक टेम्पोवाला हाय, त्याला असलंच पायजे. सतरंजी काढून पाठवा.